ऐंशीच्या पुढचा अं

३ फेब्रुवारी, सोमवार

नलिनी मॅडमनी वही लिहायला सांगितली आहे. पुण्यात त्यांच्याकडे तीन वर्षं फ्रेंच शिकले, आता नोकरी लागली तरी दर रविवारी फोनवरून माझा कान धरतात. "तू बोलताना कुठे थांबतेस आणि ते लोक कुठे थांबतात, एवढंच रोज लिही," म्हणाल्या. नुसता अभ्यास लिहायला बसलं की मला झोप येते, त्यामुळे बाकीचंही लिहिणार.

हिंजवडीतली आमची कंपनी फ्रान्समधल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोन घेते. त्यांच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की भिंतीवरचा डबा बोलायला लागतो, आणि त्या डब्यातून बोलते ती मी, उदगीरची गौतमी बिरादार. दहातल्या नऊ वेळा बटण चुकून दाबलेलं असतं. दहाव्या वेळी तिथल्या अँब्युलन्सला फोन करून पत्ता तोंडी सांगायचा. ३१ मार्चला माझं प्रोबेशन संपतं. मार्क कमी पडले तर उदगीरची गाडी धरायची, आणि तिथे माझ्या फ्रेंचचं कुणी लोणचंही घालणार नाही.

व्याकरण चांगलं, उच्चार बरे, मार्क जातात ते थांबण्यात. मी गप्प झाले की स्क्रीनवरची पट्टी मोजायला लागते आणि तीन सेकंदांना लाल होते. "डेड एअर नको, गौतमी," आमचे टीम लीडर शैलेश सर म्हणतात. "काहीतरी बोल. क्लायंट बघतोय."

नलिनी मॅडमचं म्हणणं वेगळं. फ्रेंच माणूसही थांबतोच, पण तो दाराशी थांबतो, आपण जिन्यात थांबतो. म्हणजे त्याचं एक म्हणणं पुरं होतं, शेवटचा स्वर लांबतो, मग तो 'अऽऽ' करतो, ओठ गोल ठेवून. आपण शब्द सापडेना की वाक्याच्या मध्येच उभे राहतो. "आणि तुझं ते 'अं' नाकातलं आहे. ते मराठी आहे, ते काढ," म्हणाल्या. एवढं काय त्यात, असं मी मनात म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गच्चीवर आकडे म्हणत होते. शिफ्ट साडेबाराला सुरू होते, तोवर वेळ असतो. मालकीणबाई गोजराबाई कुरडया घालायला वर आल्या. त्यांच्या शेताच्या कडेनं कासारसाईचं धरण दिसतं, आणि अर्ध्या शेतावर आता आमच्यासारख्या भाडेकरूंच्या खोल्या आहेत.

"काय बडबडतीयास?"

"आकडे, मावशी. फ्रेंचमध्ये ऐंशीला चार वीस म्हणतात. कात्र व्हँ. एक्याऐंशीला चार वीस एक, कात्र व्हँ अँ."

"मंग आमच्यावाणीच की. माजी सासू चार इसा म्हनायची. आन तू त्येच शिकाया पैकं भरलं व्हय?"

खाली ओट्यावरून गेणबा, म्हणजे मावशींचे मालक, 'हुं' म्हणाले. गेणबा दिवसाकाठी दहा शब्दसुद्धा बोलत नाहीत. मावशी अखंड बोलतात आणि ते हुं देतात. मी विचारलं, ते खरंच ऐकतात का?

"ऐकत्यात न्हाई तर काय! लांब हुं आला की च्या पायजेल. तुटका आला की राग. कुनी सांगाया लागलं की हुं द्यावा पोरी, न्हाईतर सांगनारं मधीच थांबतंय."

नलिनी मॅडमना कळवलं पाहिजे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मादाम वेर्निये. वय त्र्याऐंशी. आठवड्यातून तीनदा बटण दाबतात आणि तिन्ही वेळा म्हणतात, हात चुकून लागला. कपडे घालताना, भांडी घासताना, मांजर उडी मारताना. इतकं वेंधळं माणूस एकटं कसं राहतं कोण जाणे. मी आवरतं घ्यायला लागले की त्या हवामान विचारतात, तुमच्याकडे ऊन आहे का, धरणात पाणी किती. मी एकदा चुकून धरणाचं बोलले होते.

पण थांबे ऐकावेत तर त्यांचे. 'अऽऽ' इतकं लांब आणि गोल की त्यात माणूस खुर्ची टाकून बसेल. शब्द शोधत असल्या की हमखास अऽऽ येतो. पण गेल्या आठवड्यात मी विचारलं, पडला वगैरे नाहीत ना? तेव्हा अऽऽ आला नाही. नुसतं रिकामं. पट्टी लाल झाली, मग "नाही." दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाचीचा फोन आला, गुडघा काळानिळा झालाय म्हणून. आज विचारलं, जेवलात का? पुन्हा रिकामं, मग "हो." म्हणजे जेवल्या नसणार.

वहीत लिहून ठेवते: अऽऽ म्हणजे शब्द शोधताहेत. रिकामं म्हणजे खरं लपवताहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शैलेश सरांनी शेजारी बसून शिकवलं. दोन सेकंद झाले की लगेच बोलायचं: ऐकू येतंय का, मादाम? मी इथेच आहे, मादाम. पुन्हा दोन सेकंद, पुन्हा तेच. दिवसभर पट्टी एकदाही लाल झाली नाही. पंच्याहत्तरवरून एकदम अठ्ठ्याऐंशी मार्क. सरांनी चहा पाजला. माणूस चांगला आहे, माझ्यासाठी जीव तोडतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मावशी बांधावर उभ्या राहून पलीकडे म्हैस चारणाऱ्या गेणबांना हाक मारत होत्या. एक हाक, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला राहवेना, मीही ओरडले, "बाबाऽ!" मावशींनी माझा दंडच धरला.

"गप ऱ्हा की. हाक मारली की दम धरावा. तितनं ओ याया येळ लागतुया. तू दुसरी हाक टाकलीस की त्येंची ओ त्यात बुडती."

आणि खरंच, थोड्या वेळानं पाण्यावरून गेणबांची ओ आली. मावशींना तीन सेकंदांच्या पट्टीवर बसवलं तर पहिल्याच दिवशी घरी पाठवतील, असं वाटून हसू आलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी तीन चाळीसला, म्हणजे तिकडे सकाळचे अकरा वाजून गेल्यावर, मादाम वेर्निये. मला वाटलं, मांजर. "बोंजूर मादाम," म्हटलं तर पलीकडे काहीच नाही. दोन सेकंद. "ऐकू येतंय का, मादाम?" काही नाही. "मी इथेच आहे, मादाम." काहीतरी घासल्यासारखा आवाज. "पडलात का, मादाम? मादाम?" हे असं सहासात वेळा. पट्टी एकदाही लाल होऊ दिली नाही. मग अँब्युलन्सला फोन लावला.

पलीकडचा माणूस तलवार चालवल्यासारखा बोलत होता. स्क्रीनवर पत्ता समोर होता, घराचा नंबर आणि रस्ता: ऐंशी, ऱ्यू दे तियल. "कात्र व्हँ," म्हटलं, अं, जरा थांबले, तियल कसं म्हणायचं ते आठवलं, आणि म्हटलं, "ऱ्यू दे तियल." त्यानं पत्ता परत म्हणून दाखवला. तोही नंबराच्या पुढे जरासा अडखळला, अं करून, अगदी माझ्यासारखा. खरं सांगते, तेवढ्यात बरं वाटलं. फ्रेंच माणूसही जिन्यात थांबतो तर! मी "वुई", हो, म्हटलं आणि तो गेला.

शैलेश सर म्हणाले, मस्त हँडल केलंस, झीरो डेड एअर.

मादामचं पुढे काय झालं ते आम्हाला कळवत नाहीत. तसा नियम आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अँब्युलन्स एक्याऐंशी नंबरला गेली होती.

सकाळी अकरालाच बोलावून घेतलं. शैलेश सर काचेच्या खोलीत एकटे होते. तिकडून तक्रार आली आहे. अँब्युलन्सच्या माणसाकडे एक्याऐंशी लिहिलेलं आहे, आणि तो म्हणतो, मी विचारून खात्री केली, ती हो म्हणाली.

मी म्हटलं, "सर, मी ऐंशीच म्हटलं." आणि म्हणता म्हणता माझ्याच कानात ते वाजलं. कात्र व्हँ. अं. चार वीस. एक. तो अडखळलाच नव्हता. तो एक म्हणत होता.

अकरा मिनिटं उशीर. मादामना पक्षाघात आहे. जिवंत आहेत की नाहीत, हे सरांनाही माहीत नाही, किंवा माहीत असून सांगत नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मला फोनवरून काढून कागदांवर बसवलंय. समोरच्या रांगेत बाकीचे बोलतात, आणि जो तो अं करतो असं मला ऐकू येतं. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला, "अं, ते हे रे, आपलं हे," आणि मी एक स्टॉप आधीच उतरले. अठ्ठावीस वर्षांत किती वेळा अं केलं असेल मी? उदगीरला वडिलांसमोर, परीक्षेत, लग्नाला नाही म्हणताना. कधी कुणाचं काही बिघडलं नाही.

नलिनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी तुला ते काढ म्हटलं, पण का काढ ते सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं."

३ मार्च, सोमवार

शैलेश सरांनी माझ्या वतीनं निवेदन लिहून आणलं. त्यांनी रविवार घालवला माझ्यासाठी. त्यात असं आहे की स्क्रीनवरचा पत्ता मी घाईत चुकीचा वाचला, माझी नजरचूक झाली, आणि मला प्रशिक्षण पूर्ण मिळालेलं होतं. "अं वगैरे लिहू नकोस," म्हणाले, "ते लोक विचारतील, असं बोलणारी मुलगी फोनवर ठेवलीच कशी. नजरचूक कुणाचीही होते. आणि तीन सेकंदांचा विषयच काढू नको, उगाच मोठं होईल. गुरुवारी तिकडची बाई व्हिडिओवर असेल. सही कर, मी आहे ना."

मला हायसं वाटलं. आपल्यासाठी कोण एवढं करतं? तरी सही उद्या करते म्हटलं. का म्हटलं, ते माझं मलाच कळलं नाही.

५ मार्च, बुधवार

कागद पिशवीतच आहे. काल सरांनी दोनदा विचारलं, आज तीनदा. शेवटच्या वेळी आवाज चढला. ताण त्यांच्यावरही असणार.

सकाळी ओट्यावर बसून मावशींना सगळं सांगितलं. तीन सेकंद, ऐंशी, अं, अकरा मिनिटं. इतक्या वेळात त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. गेणबा मधून मधून हुं देत होते म्हणून माझं शेवटपर्यंत सांगून झालं, नाहीतर मध्येच रडले असते.

"तू ऐंशीला ऐंशीच वाचलंस न्हवं?" मावशींनी विचारलं.

"हो."

"मंग डोळं चुकलं आसं कशापायी लिवायचं? डोळं चुकलं न्हाईत तुजं. जीभ चुकली. ज्याचं चुकलं त्याचं नाव घ्यावं मानसानं."

"नोकरी जाईल, मावशी."

"जाईल." मावशी दुधाची किटली घेऊन उठल्या. "नोकरी जाईल न्हाईतर ऱ्हाईल. तिकडची म्हातारी कशी हाय त्ये बग आदी."

६ मार्च, गुरुवार

चार वाजता. स्क्रीनवर मादाम कोलँ, क्लायंटच्या, म्हणजे फ्रान्समधल्या कंपनीच्या, तपासणीवाल्या. पन्नाशीच्या, केस पांढरे, समोर कागद नाही. माझ्या शेजारी शैलेश सर, त्यांच्यासमोर तो कागद, सहीची जागा रिकामी.

त्यांनी आधी रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज ऐकून मला लाज वाटली, किती पटपट, किती गोड. "ऐकू येतंय का, मादाम? मी इथेच आहे, मादाम." मादाम कोलँनी तिथेच थांबवलं, मागे नेलं, आवाज वाढवला, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं. माझ्याच "पडलात का"च्या खाली एक घोगरा आवाज होता. "माँ ब्रा." माझा हात. त्या घासल्यासारख्या आवाजात त्या मला सांगत होत्या, माझा हात, आणि मी त्यांच्या ओ वर हाक टाकत होते.

पक्षाघात आहे हे त्या एका शब्दात होतं. मी अँब्युलन्सवाल्याला सांगितलं होतं, बहुतेक पडल्यात.

मग पत्ता. कात्र व्हँ. अं. ऱ्यू दे तियल. सगळ्यांना एक्याऐंशीच ऐकू आलं. मलाही.

"मादमुआझेल, तुम्ही पत्ता चुकीचा वाचलात का?" मादाम कोलँनी विचारलं. शैलेश सरांनी टेबलाखालून कागद माझ्याकडे सरकवला.

मी थांबले. अं येत होता, अगदी दातांपर्यंत आला होता, तो गिळला. या खोलीत पट्टी नव्हती, पण मी मनात मोजत होते. तीन झाले, चार झाले, पाच झाले. मादाम कोलँ नुसत्या बघत राहिल्या, त्यांनी मला ढकललं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी ऐंशी वाचलं आणि ऐंशीच म्हटलं. त्याच्यापुढचा एक हा फ्रेंच नव्हता. तो माझ्या भाषेतला थांबा आहे. आम्ही शब्द शोधताना तसं करतो. चूक माझी आहे. आणि त्या बोलत होत्या तेव्हा मी बोलत राहिले, कारण तीन सेकंद गप्प बसलं की आमचे मार्क जातात."

"कुठले तीन सेकंद?" मादाम कोलँनी विचारलं, आणि हा प्रश्न मला नव्हता.

शैलेश सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला आणि म्हणाले, "अं..."

मला त्यांची दया आली. मग मी विचारलं, विचारायचं नव्हतं तरी, "मादाम वेर्निये आहेत का?" मादाम कोलँ म्हणाल्या, "अऽऽ..." लांब, गोल, आणि माझा जीव त्या अऽऽ वर टांगलेला. "आहेत. पुनर्वसन केंद्रात आहेत."

बसमध्ये बसल्यावर रडू आलं. सगळ्यांसमोर रडले, रुमाल नव्हता, ओढणीनं पुसलं.

११ मार्च, मंगळवार

नोकरी राहिली, पण प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. पगारवाढ गेली. आकडे यापुढे सुटे सुटे सांगायचे: आठ, शून्य. पट्टी काढणार आहेत म्हणे, पण ते काम दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे, त्यामुळे अजून लाल होतेच.

शैलेश सर आता चहाला विचारत नाहीत. मी समोरून गेले की फोनमध्ये बघतात. माझं काय चुकलं ते समजत नाही; त्यांचं नाव तर मी घेतलंच नव्हतं. वेळ मिळाला की त्यांच्याशी बोलायला हवं. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं होतं.

१७ मार्च, सोमवार

आज पुन्हा फोनवर. पहिल्या तीन कॉलला जीभ उचलेना. नलिनी मॅडमचा अऽऽ गच्चीवर दोनशे वेळा घोटलाय, तो वेळेवर येतच नाही. मग ठरवलं, येत नसेल तर तोंड बंद ठेवायचं. ओठ मिटले की अं बाहेर पडत नाही. लाल तर लाल.

संध्याकाळी मार्क आले, चौसष्ट.

२० मार्च, गुरुवार

दुपारी पावणेपाचला स्क्रीनवर नाव आलं: वेर्निये.

"बोंजूर मादाम. मी गौतमी," एवढं म्हटलं आणि दम धरला. तीन सेकंदांना पट्टी लाल झाली. सहा झाले, आठ झाले. पलीकडे श्वास ऐकू येत होता, म्हणून मी बोलले नाही.

"बोंजूर, मादमुआझेल." जीभ जड झालीय, शब्द ओले येतात. शनिवारी घरी आल्या. मांजर चिडलेलं आहे. मग म्हणाल्या, "एक्याऐंशी तुम्हीच म्हणालात का?"

"हो, मादाम."

"अऽऽ..." मी वाट पाहिली. एक्याऐंशी नंबर म्हणजे समोरचं घर. तिथल्या बाईशी त्या सहा वर्षं बोलत नव्हत्या, एका झाडाच्या फांदीवरून भांडण. अँब्युलन्सवाल्यांनी तिचं दार वाजवलं. तिनं पाहिलं, आजारी तर कुणी नाही, मग समोर पाहिलं, तर मादामच्या खिडकीची झडप दुपार होत आली तरी बंद. तीच त्यांना घेऊन रस्ता ओलांडून आली. आता ती रोज सूप आणते. मीठ जास्त घालते.

त्या सांगत होत्या आणि मी मधे मधे हं देत होते. फ्रेंचमध्ये कुणी असा हं देत नाही. त्यांना चाललं.

मग मी ते विचारलं. डोक्यात तीन आठवडे तेच आहे. "तुमचा हात, मादाम?"

"अऽऽ... डावा. अजून झोपलेला आहे."

"त्या अकरा मिनिटांमुळे?"

अऽऽ आला नाही. श्वास तेवढा येत होता. पट्टी लाल होती, मी आकडे बघत होते. चार. पाच. सहा.

"नाही," मादाम म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, त्यानं काही फरक पडला नाही."

मी हं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, धरणात पाणी किती आहे, आणि मी सांगितलं.